हलकी झालेली मूठ

मी चौथीपर्यंत शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे चुंबकाबद्दल मी लिहिलेलं वाचून फिजिक्सवाल्या पोरांनी हसायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी हातानं शिकलो आणि उशिरा शिकलो.

शहापूरला घरामागं माझी भट्टी होती. भंडाऱ्याच्या दुकानांतली तडकलेली, कान निघालेली पितळी भांडी माझ्याकडे डाख लावायला येत. टाकणखार टाकायचा, आंच द्यायची, आणि पितळेला पितळ असं जोडायचं की जोड शोधून सापडू नये. माझा जोड सापडत नसे. त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

बारावी तेव्हा नवीनच निघाली होती. माझी मोठी मुलगी एसटीनं भंडाऱ्याला कॉलेजात जायची, सायन्सला. तिला पुढं नागपूरला बी.एस्सी. करायचं होतं. माझे थोरले भाऊ म्हणत, पोरीले इतकं कायले? मी चारचौघांत बोलून बसलो होतो की मार्क चांगले पडले तर ती नागपूरला जाईल, नाही पडले तर दादा म्हणतील तिथं लग्न. तिनं ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती बोलायची कमी आणि वाचायची जास्त.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना ती कापडी पिशवीत एक यंत्र घेऊन आली. लाकडी पाटावर घोड्याच्या नालासारखा मोठा चुंबक, त्याच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी, ती फिरवायला मूठ, आणि वर एक इवलासा बल्ब. चुंबकाला धरणारी पितळी पट्टी तडकली होती, म्हणून चुंबक हलायचा आणि गुंडाळीला घासायचा.

"परीक्षेत बाहेरचे सर याच्यावरच तोंडी विचारतेत," ती म्हणाली. "आमच्या सरांले मी म्हटलं, माझे बाबा जोडून देतीन. त्यांनी माझ्या भरवशावर देलं."

चुंबक एका हातानं दाबून धरून तिनं मूठ फिरवली. बल्ब लागला. आमची ही चूल सोडून पाहायला आली.

"आता तुमी फिरवा, बाबा."

मी फिरवली. जड होती. मग तिनं बल्बची तार काढली आणि म्हणाली, आता फिरवा. मूठ हलकी झाली. पुन्हा तार जोडली, पुन्हा जड.

"गंज चढला असन," मी म्हणालो. "तेल पाहिजे."

"गंज नाही. गुंडाळी चुंबकासमोरून फिरली की तिच्यात वीज तयार होते. दोघंही चूप बसले तर काहीच होत नाही. जोरात फिरवलं तर जास्त होते. आणि बल्ब लावला की ते वीज वाहते, आणि वाहताना फिरवणाऱ्यालेच अडवते. म्हणून जड."

"वीज तारेत आहे. मले कायले अडवन?"

"कारण तुमीच तिले पैदा करून राहिले ना. उजेड फुकट कसा भेटन?"

मला ते पटलं नाही. जड फिरणारी वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू, हे मी तीस वर्षं पाहत आलो होतो.

सकाळी कॉलेजात जाताना तिनं बल्ब काढून कंपासपेटीत ठेवला, फुटू नये म्हणून. दारातून परत फिरून म्हणाली, "बाबा, चुंबक आधी काढून घ्या हं. त्याले आंच लागली नाही पाहिजे. सरांनी दोनदा सांगितलं."

"तू जाय. गाडी चुकन."

ही आतून म्हणाली, "तुमाले कोणाचं सांगितलेलं पटलं आहे का आजवर?"

चुंबक पट्टीला रिबिटांनी ठोकलेला होता. काढायचा तर रिबिटं कापावी लागणार, पुन्हा ठोकली की पट्टीवर खुणा राहणार, आणि कॉलेजातल्या शिकलेल्या माणसांना माझ्या कामावर खूण दिसणार. पाट आणि गुंडाळी तेवढी वेगळी केली, चुंबक नाही काढला. अगदीच बेफिकीर नव्हतो, त्याच्यावर ओल्या मातीचा जाड थर दिला. भात्यानं वारा घातला. डाख वितळायला लागला तेव्हा माती वाळून तडकली होती आणि आतून लाल दिसत होतं. मी स्वतःशी म्हणालो, पोलाद आहे, त्याचं काय होते? वाकू नये म्हणून गरम राखेत हळूहळू थंड होऊ दिला.

मग घासला, चमकवला, सगळं परत बसवून तेल सोडलं. मूठ फिरवली तर लोण्यात बोट फिरावं तशी फिरली. हिला बोलावून दाखवली. संध्याकाळपर्यंत मी येणाऱ्याजाणाऱ्या चार जणांना दाखवली असेल.

पोरगी आली. आधी पट्टीवरून बोट फिरवलं, जोड सापडला नाही, तशी हसली. मग बल्ब बसवून मूठ फिरवली. फिरवतच राहिली. बल्ब लागला नाही.

"बाबा, इतकी हलकी कशी?"

"हात कोणाचा लागला," मी म्हणालो.

तिनं ओढणीची पिन काढून चुंबकाला लावली. पिन खाली पडली. दुसऱ्या टोकाला लावली, तिथूनही पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिन उचलून पुन्हा ओढणीला लावत बसली. ती नीट लागेना.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर भंडाऱ्याला गेलो. सरांनी यंत्र उलटसुलट पाहिलं. "भाऊ, जोड फार सुंदर झाला आहे," ते म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी समजावून सांगितलं. चुंबकाच्या आत लहान लहान चुंबक असतात, सगळ्यांची तोंडं एकीकडे, म्हणून सगळ्यांचं बळ मिळून एक होतं. लाल होईपर्यंत तापवलं की ती तोंडं वाटेल तिकडे फिरतात. बळ असतं, पण एकमेकांत जिरतं. मग त्यांनी चुंबकाभोवती तार गुंडाळून मोटारीच्या बॅटरीला जोडली. तार जोडलेली असताना पिना भराभर चिकटल्या. काढली, आणि एक-दोन सोडून सगळ्या गळल्या.

"राखेत थंड केला का?"

मी मान हलवली.

"पोलाद मऊ झालं. मऊ लोखंड लवकर चुंबक होतं आणि लवकर सोडूनही देतं."

"पुन्हा लाल करून पाणी पाजतो. कडक होऊन जाईन." हे माझ्या धंद्यातलं होतं.

"तडकला तर परीक्षेत दाखवायलाही काही राहणार नाही, भाऊ. दुसरं यंत्र आमच्याकडे नाही."

मी हात मांडीवर ठेवून बसलो. त्या हातांना त्या दिवशी काही काम नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो. ती दुपारी बाहेर आली. एसटीत बसल्यावर सांगितलं, "विचारलं, बल्ब काहून लागत नाही. मी सांगितलं, चुंबक तापला. कोणी तापवला, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हातून झालं."

"माझं नाव सांगायचं होतं."

"त्यानं बल्ब लागला असता का?"

मी कंडक्टरकडून शहापूरची दोन तिकिटं घेतली.

ती पास झाली. नागपूरच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही. त्या प्रॅक्टिकलच्या मार्कांनीच हुकलं का, हे मी सरांना विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. दादा माझ्या शब्दाची आठवण करून द्यायला आले तेव्हा मला शब्द फिरवता आला असता. फिरवला नाही. मी शब्दाचा पक्का, असं लोक म्हणत. पुढच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन कारध्याला गेली.

बऱ्याच वर्षांनी मी सायकल घेतली, डायनामोवाली. नदीच्या पुलावरून तिच्याकडे जाताना एकदा सहज डायनामो चाकाला टेकवला. पायडल जड झालं. गंज नव्हता, सायकल कोरी होती. मी उतरलो नाही. डायनामो काढला, हलकं. टेकवला, जड. पूल संपेपर्यंत तेच करत राहिलो.

नंतर मी टेकवूनच जायला लागलो. एकदा भर दुपारी अंगणात पोचलो, तर ती तांदूळ पाखडत होती. चाकाला टेकलेल्या डायनामोकडे पाहून म्हणाली, "बाबा, दिवसा कायले डायनामो लावून राहिले? जड नाही लागत?"

तिनं सांगितलेलं पटलं, हे मला तेव्हा सांगता आलं असतं.

"टेकला असन आपोआप," मी म्हणालो, आणि पाणी मागितलं.