पोखर्णीचं जावळ आणि आन्नाबाईचे फ्रॉक

चहा उकळतोय तोवर मीच सांगून टाकते, नाहीतर आमचे हे सांगतील, आणि तिखटमीठ लावून सांगतील. गाढवपणा माझ्या हातून तसा बराच झालाय, पण हा एक असा की तो करायला मला विमानात बसून परदेशी जावं लागलं.

ऐंशीच्या पुढची सालं ती. आमचे हे परभणीत शेतकीचं शिकवायचे. त्यांचं दीड वर्षासाठी हॉलंडला अभ्यासाला जायचं ठरलं, तेही बायकापोरांसकट. थोरला शिवा चार वर्षांचा, धाकट्या नरूनं नुकतं दुसऱ्यात पाऊल टाकलेलं. आनंदानं माझी झोप उडाली होती. सेलूच्या पुढं मी कधी एकटी गेले नव्हते हो, आणि आता एकदम समुद्रापलीकडं?

निघताना सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, एकच गोष्ट बजावली.

"नरूचं जावळ पोखर्णीच्या नरसिंहाला बोललेलं हाय. पहिले केस तिथंच उतरवायचे. तिकडं कात्री लागू देऊ नको."

"नाही लागू देणार, आत्याबाई."

"डोळ्यावर आले तर?"

"वेणी घालीन."

"हां. आन् तिसरं वरीस सरायच्या आत परत या."

झालं. हॉलंडला पोचून चार महिने होतात न होतात तोच नरूच्या दोन वेण्या झाल्या. आपल्याकडं जावळ राहिलेल्या पोराच्या वेण्यांचं कुणाला काय वाटतं? कौतुकच करतात. मी तर हौसेनं लाल फिती बांधायची.

गाव लहान होतं आणि थंडी अशी की विचारू नका. दोन पोरांना बाहेर न्यायचं म्हणजे एकावर एक इतके कपडे चढवायचे, की दुसऱ्याचं आवरेपर्यंत पहिल्याला शू लागलेली असायची. पण मला सगळ्याचीच गंमत वाटायची. सायकलवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या, पावावर घालून खायचे चॉकलेटचे दाणे, आणि खिडक्यांना पडदेच न लावणारी माणसं. पंचाईत एकच होती, बोलायला कुणी नव्हतं. हे सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. दुपारी मी भिंतीशीसुद्धा बोलले असते.

अशात शेजारच्या आन्नाबाई आल्या. साठीच्या, उंच, गालांवर लाली. त्यांना तीन मुलगे आणि नातवंडं, तीही सगळी मुलगेच. त्यांनी नरूच्या वेण्या हातात घेतल्या, गालाला लावल्या, त्यांच्या भाषेत काहीतरी लाडाचं बोलल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी हजर. हातात स्वतः विणलेला लोकरीचा गुलाबी फ्रॉक.

आता सांगा, काय करायचं? लेकराला आलेलं कापड परत करू नये असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. त्यात मला तिथली भाषा येत नाही, आणि माझं इंग्रजी दहावीच्या पेपराबरोबरच संपलेलं. मी हसले आणि नरूला फ्रॉक चढवला. त्या बाईचे डोळे भरून आले. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, त्यांना सांगा ना मुलगा आहे म्हणून."

"सांगू उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. उजाडला तो दुसरा फ्रॉक, मग तिसरा. शिवा एव्हाना बालवाडीत जाऊन तिकडची भाषा पोपटासारखी बोलायला लागला होता, तेव्हा आमचा दुभाषा तोच. एकदा आन्नाबाई लोकरीचे गुंडे घेऊन आल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या.

"आई, ती विचारते, नरूला अजून फ्रॉक पाहिजे का?"

"सांग, नको म्हणून. पुष्कळ झाले."

शिवा सांगायला वळला आणि मी आन्नाबाईंचं तोंड पाहिलं. त्या गुंडे कुरवाळत माझ्याकडं बघत होत्या.

"थांब. हो म्हण. निळा म्हण."

"नरू तर मुलगा आहे ना, आई?"

"तू गप. चॉकलेटचे दाणे पाहिजेत ना?"

गाव परदेशी बायकांसाठी भाषेचा वर्ग चालवायचं, तिथं मी सकाळी जायला लागले. तेवढा वेळ नरू आन्नाबाईंकडं. भांडं फुटू नये म्हणून मी त्याला फ्रॉकखाली दोन दोन चड्ड्या घालून नाडीची पक्की गाठ मारून पाठवायची. आणि बघा देवाची कृपा, घरी दिवसभर ओलं करणारं पोर त्यांच्याकडून कायम कोरडं यायचं. मला वाटायचं, शहाणं आहे माझं लेकरू, आईची अब्रू राखतंय.

खरं सांगते, मला भीती वाटायची. त्या सगळ्या मुलखात माझं म्हणावं असं ते एकच माणूस होतं. मला ताप आला तेव्हा सूप घेऊन उशाशी बसलेली. तिला कळलं की ही बाई इतके महिने आपल्याला फसवतेय, तर ते दार मला बंद होईल. म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत मी वेण्या घालतच राहिले.

आणि मग वसंतातली फुलांच्या गाड्यांची मिरवणूक आली. आन्नाबाई धावतच घरात शिरल्या. शिवानं मराठीत सांगितलं, "आई, नरूला सगळ्यात मोठ्या गाडीवर बसवणार आहेत. फुलांची राणी करून. पेपरात फोटो येणार."

आतापर्यंत एका बाईला फसवलं होतं, आता अख्ख्या गावाला फसवायचं? आणि तो फोटो ह्यांच्या सायबांनी पाहिला म्हणजे? त्यांना तर ह्यांनी दोन मुलगे म्हणून सांगितलेलं.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना ओढतच आन्नाबाईंच्या स्वयंपाकघरात नेलं. "एकेक शब्द नीट सांगा," म्हटलं. मग जावळ, नवस, पोखर्णी, कात्री, गुलाबी फ्रॉक, सगळं ओकले. शेवटी शेवटी रडू आवरेना. हे इंग्रजीत सांगत होते आणि आन्नाबाई गंभीरपणे माना डोलवत होत्या. मग त्या दोनच वाक्यं बोलल्या, आणि आमचे हे खोकायला लागले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, मुलगा आहे हे त्यांना माहीत आहे. पहिल्याच आठवड्यापासून."

"कसं काय?"

"अगं, ते पोर त्यांच्याकडं कोरडं कसं राहायचं? रोज त्याची चड्डी त्याच बदलायच्या ना. तुझ्या नाडीच्या गाठी सोडवून सोडवून नखं तुटली म्हणतात."

मला आजवर हे सुचलंच नव्हतं. तुम्ही हसताय, तुम्हाला मघाशीच सुचलं असणार.

"मग फ्रॉक का विणत राहिल्या?"

ह्यांनी विचारलं, आणि उत्तर मला सांगितलं. "त्यांना वाटलं, हा आपला धर्म आहे. त्यांना कळल्यावरसुद्धा तू त्याला फ्रॉकच घालत होतीस, निळा तर मागून घेतलास. धाकट्या मुलाला मुलीसारखं वाढवायची रीत असेल, परक्यांच्या रीतीला हसू नये. त्यांनी गल्लीतल्या घराघरात जाऊन सांगून ठेवलंय, पाहुण्यांना काही विचारू नका म्हणून. आणि मिरवणुकीच्या मंडळानं बैठक घेऊन ठरवलंय, की तुझ्या धर्माचा मान म्हणून नरूलाच राणी करायचं."

आपल्यात अशी काही रीत नाही, हे ह्यांनी त्यांना समजावलं. मग आन्नाबाईंना असं हसू फुटलं की टेबलावरची बशी खाली आली. त्यांनी मला जवळ घेतलं, आणि मी त्यांच्या खांद्यावर हसले की रडले ते मला आजही सांगता येत नाही. दार बंद झालं नाही एवढं खरं.

नरू मिरवला. गाडी तीच, मुकुट तोच, फक्त राजा म्हणून. पण फ्रॉक काही त्यानं सोडला नाही. आन्नाबाईंनी त्याला दोन मोठे खिसे विणून दिले होते, आणि विजार दिसली की पोर गडाबडा लोळायचं. मग मीही नाद सोडला.

दीड वर्ष संपलं आणि तशा फ्रॉकातच त्याला घेऊन मी परभणीच्या फलाटावर उतरले. आत्याबाई घ्यायला आलेल्या. त्यांनी शिवाला कवटाळलं, मग लाल फितींच्या त्या वेण्यांकडं आणि फ्रॉककडं पाहिलं. चेहरा असा खुलला म्हणता.

"आगं बाई, पोरगी झाली व्हय? आन् आमाला कळवलं बी न्हाई?"

दीड वर्षात एवढी मोठी पोरगी कुठून येणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आलाच नाही; मी काही बोलणार तोच त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. "आन् माजा नरू कुठाय? नरूला कुठं ठेवून आलात रे?"

आवाज इतका चढला की चार हमाल गोळा झाले. शेवटी फ्रॉकच्या खिशात हात घालून उभं असलेलं ते ध्यान म्हणालं, "मी नरू."

टांग्यात ह्यांनी सगळी कथा सांगितली. मी आपली बाहेर बघत बसले. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नातवाला मांडीवर घेऊन शांतपणे म्हणाल्या,

"म्हंजे त्या बाईला म्हाईत व्हतं, आख्ख्या गल्लीला म्हाईत व्हतं की ह्यो पोरगा हाय. पोरगी म्हनून सांभाळायली व्हतीस ती तू एकटीच."