सिंधूताईंचं निळं झाड

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि सिंधूताईंची शाल बिघडली.

शाल म्हणजे गोरेवाड्याचं जंगल. सागाचं वाळलं पान, ऐनाच्या झाडाची भेगाळ साल, जे आवडेल त्याला लोकरीचा धागा लावून पाहायचा आणि जुळेल त्या रंगाचा पट्टा विणायचा. भेगा उठून दिसाव्यात म्हणून मध्ये उलटे टाके. त्यांचे यजमान रवींद्र लोकरीची पिशवी धरून मागे उभे असायचे.

"पाहा जी, हाच रंग ना?"

"हाच वं," ते म्हणायचे. दर वेळी.

पावसाळा संपता संपता ते गेले. सिंधूताई रडल्या नाहीत. स्वयंपाक केला, जेवल्या, झोपल्या. ऐनाचा शेवटचा पट्टा तेवढा राहिला होता. शाल पुरी करायची, एवढंच काय ते त्यांच्या मनात उरलं होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाहेर फिरायची मोकळीक दिल्यावर सून रोशनीने त्यांना स्कूटीवर जंगलात आणलं. सिंधूताईंनी शाल ऐनाच्या खोडाला टेकवली. साल करडी होती, शालीतली चक्क निळी. सागाच्या पानासाठी विणलेला पट्टा जांभळट. त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्या डोळ्याला सगळं जुळत होतं.

"रोशनी, त्याईच्या डोळ्याईचं ऑपरेशन तर केव्हाच झालं होतं ना वं?"

"हो आई."

"मंग त्याईले हे दिसत होतं."

"दिसत होतं. मी एकदा म्हटलं, आई निळं झाड विणून राहिल्या. तर मलेच रागावले. म्हणे, तिले तिचा रंग शोधू दे, तू चूप बस."

"लबाड माणूस," सिंधूताई म्हणाल्या. राग आला नाही, हसूही नाही. छातीत काहीतरी हलेल म्हणून त्या थांबल्या. काही हललं नाही.

"उसवून टाकू का आई? आता बरोबर दिसते तुमाले. पुन्हा विणा. मी लोकर गुंडाळून देते."

सिंधूताईंनी धाग्याचं टोक शोधलं, दोन टाके सोडले. मग तेच टाके पुन्हा सुईवर घेतले आणि झाडाखाली बसल्या.

"पिशवीतली निळी काढ."

"पण आई, झाड तर..."

"दिसून राहिलं मले. काढ."

रोशनीने निळी लोकर काढून दिली. सिंधूताई विणू लागल्या.