पाचवी मंजुरी
कोऱ्या मांजरपाटाला खळीचा वास आला, की मला करी रोडची ती खोली आठवते. मराठी टायपिंगचं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही काही जण हौसेनं सांभाळायचो, आणि पाच जणांनी तपासून ‘हरकत नाही’ कळवल्याशिवाय नवी आवृत्ती सोडायची नाही, असा आमचा नियम होता. पाचवे एक काका होते. संपात नोकरी जाण्याआधी ते गिरणीत कापडातले दोष बोटांनी शोधायचे. ते वारले, तरी त्यांचं नाव यादीतून काढायचं माझ्याकडून राहून गेलं. पुढच्या आवृत्तीच्या दिवशी सकाळी चार मंजुऱ्या आल्या आणि पाचवी ई-मेल त्यांच्या पत्त्यावरून आली: ‘हरकत आहे. जुन्या आवृत्तीतली फाइल उघडली की शेवटची ओळ जाते.’ कुणाची तरी थट्टा असेल म्हणून मी बारा जुन्या फाइली उघडून पाहिल्या. बाराही फाइलींतली शेवटची ओळ गेली होती. लोकांचं लिहिलेलं असंच नाहीसं झालं असतं. मी आवृत्ती थांबवली आणि दुपारी करी रोडच्या चाळीतल्या त्यांच्या घरी गेलो. खोलीत खळीचा वास होता, कोरं कापड मात्र कुठंच दिसत नव्हतं. “काकू, काकांचा कॉम्प्युटर कोण चालवतं?” “मला कुठलं येतंय रे? त्यांची सवय म्हणून सकाळी बटण दाबते, खुर्ची ओढून ठेवते नि पाणी भरायला जाते.” मग हसून म्हणाल्या, “का, परत चूक काढली वाटतं तुझी?” ती चाळ आता पाडली, काकूही गेल्या. तपासणाऱ्यांची यादी मात्र तीच आहे. मागच्या आठवड्यात नवी आवृत्ती सोडण्याआधी मी मंजुऱ्या दोनदा मोजल्या. पाच होत्या.