पट्टीने आखलेली क्लीट

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी पडवीत वर्तमानपत्र पसरलं, सायकलचे बूट उलटे ठेवले आणि डाव्या बुटाची क्लीट सोडवायला बसले. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवायचा धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा. तो पेडलमध्ये टक्‌ करून अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो.

खरेदी मी विचार करूनच केली होती. पुण्यातली मुलगी माझ्याआधीपासून सायकल चालवते. ती म्हणाली, "आई, तीन स्क्रूंच्या मोठ्या प्लास्टिकच्या घे. रोडबाइकला त्याच शोभतात."

"शोभायला मी लग्नात जाते. मला येताना बंदरावर उतरून मासे घ्यायचे असतात. त्या ओल्या फरशीवर प्लास्टिक घालून चालले, तर बांगड्यांच्या पाटीत जाऊन बसेन."

मी दोन स्क्रूंच्या, बुटाच्या तळातल्या खाचेत बसणाऱ्या छोट्या क्लीट घेतल्या. त्या घालून चालता येतं. तो निर्णय बरोबरच होता.

चुकलं ते बसवताना. जमिनींचे नकाशे आखण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. बुटाच्या तळाच्या मध्यावर पेन्सिलने रेषा मारली, काटकोनासाठी गुण्या लावला, दोन्ही क्लीट अगदी सरळ बसवल्या आणि स्क्रू गच्च पिळले. मुलीला फोटोही पाठवला. पंधरा दिवसांत डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. महिन्याभरात मांडी घालता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याभरात दुखणं कमी झालं नाही तर सायकल बंद. सायकलमुळेच माझी साखर आटोक्यात आली होती; स्वभावही, असं घरचे म्हणतात. बंद करून चालण्यासारखं नव्हतं.

क्लीट थोडी तिरकी करून बघावी म्हटलं, तर एक स्क्रू हलेना. खाऱ्या हवेने गंजला होता आणि किल्लीच्या भोकात जांभ्याची लाल माती घट्ट बसली होती. शेवटी बूट पिशवीत टाकले आणि एसटी स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले. सत्तरीचे असतील. आमच्या घरातलं सगळं पादत्राण त्यांच्याच हातून जातं.

काकांनी आरीने माती कोरून काढली, रॉकेलचा थेंब सोडला, दोन हलके ठोके दिले. स्क्रू सुटला. मग पेन्सिलची रेष बघून हसले.

"ह्यी रेष कोणी मारली?"

"मी. गुण्या लावून."

"शेताचा बांध हाय काय वो ताई? पायातली चप्पल काढा बघू."

मी काढली. त्यांनी डावी माझ्यापुढे धरली. आतल्या बाजूला पायाचा काळा ठसा उमटला होता, बोटं बाहेरच्या अंगाला वळलेली. टाच बाहेरच्या कडेला झिजलेली. उजवी मात्र सरळ होती.

"तुमचा डावा पाय जल्मापासून असाच पडतो. तुम्ही त्याला धरून सरळ केलात. तो गुडघ्याकडे तक्रार करणार नाय तर काय?"

मला उंच स्टुलावर बसवून त्यांनी पाय मोकळे सोडायला लावले. डावा आपोआप बाहेर वळला. काकांनी डोळ्यांनीच माप घेतलं आणि बुटाच्या तळावर खडूने तिरकी खूण केली. क्लीट त्या खुणेवर बसवली, स्क्रूला ग्रीस लावलं आणि म्हणाले, "नकाशे हापिसात आखा. पायाला इचारून घ्या."

इतकी वर्षं ते माझ्या चपला शिवत होते. माझी चाल त्यांना पाठ होती आणि मला स्वतःला ती ठाऊक नव्हती. आभार मानले, तर त्यांनी हात झटकला आणि दुसऱ्या कोणाच्या तरी चपलेचा अंगठा शिवायला घेतला.

आठवडाभर थोडी थोडी चालवून पाहिली; पुढच्या रविवारी पहाटे खाडीवरचा भाट्याचा पूल ओलांडून पावस गावाच्या रस्त्याला लागले. चढ न थांबता चढले. वर पोचल्यावर डावी टाच बाहेर वळवली, पाय सुटला. सायकल कडेला आडवी टाकली, बूट काढले आणि कातळावर मांडी घालून बसले. पाच मिनिटं बसून राहिले. मग उठून पावसपर्यंत जाऊन आले.