पाठ नसलेला कागद

बिडकीनजवळच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. रंजना साळवे रुजू झाल्या, तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन घरी बसलो होतो. महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या आणायच्या आणि रांगेत मनातल्या मनात शाळेतल्या कविता घोळवायच्या, एवढाच उद्योग. पहिल्याच भेटीत मॅडमनी विचारलं, "गुरुजी, ओठ का हलतायत?"

"कविता म्हणतोय."

"मग मोठ्यानं म्हणा की. रांगेला तेवढाच विरंगुळा."

आमची ओळख ती अशी.

पुढं केंद्रात डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आला. फोटो संगणकच तपासतो आणि 'ठीक' किंवा 'नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा' असं सांगतो. साखरेनं पडदा खराब होऊ लागला तरी दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. मॅडमनी शिस्तच लावली: वर्षातून एकदा आधी हनुवटी कॅमेऱ्यावर, मग गोळ्यांची खिडकी.

कासाबाईंचा फोटो तीनदा धूसर आला. त्या खूश. "मशीनला काय बी घावलं नाय, म्हंजी डोळा बरा हाय माझा!"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, मशीनला दिसलंच नाही, तर बरा कसा म्हणू? माझ्या लेखी तुम्हालाही पाठवायचंच." पिकलेला मोतीबिंदू निघाला.

माझ्या फोटोवर यंत्र 'पाठवा' म्हणालं, तेव्हा मात्र मी चिडलो. पिशवीतून जुनं पाठ्यपुस्तक काढलं आणि अख्खी कविता वाचून दाखवली. सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी तर लई फाडफाड वाचतेत!"

मॅडमनी टेबलावरचं लसीकरणाचं पत्रक पुढं केलं. "आता हे वाचा."

पहिल्याच ओळीतला मधला शब्द मला दिसेना. तिथं नुसता डाग होता. ते पाठ्यपुस्तक उलटं धरलं असतं, तरी मी वाचलं असतं.

"गुरुजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, हे पोरांना तुम्हीच सांगायचात ना?"

शहरातल्या रुग्णालयासाठीची चिठ्ठी घेतली, पण गेलो नाही. भीती वाटत होती. पाठवलेल्या प्रत्येकाला मॅडम दर शनिवारी स्वतः फोन करतात. तिसऱ्या शनिवारी मी म्हणालो, "उद्या जातो."

"उद्या रविवार आहे. सोमवारी मी मीटिंगला शहरात चाललेय. सकाळच्या एसटीला थांब्यावर या."

एसटीत मी त्यांना खरं ते सांगितलं. वाचन जाईल, याचा धसका घेतला होता.

"इतक्या कविता पाठ आहेत की तुम्हाला."

"पाठ आहेत त्या झाल्या हो. वाचायच्या राहिल्यात त्यांचं काय?"

मॅडम रुग्णालयात माझा नंबर लागेपर्यंत शेजारी बसून राहिल्या आणि मीटिंगला उशिरा पोहोचल्या. मला इंजेक्शनं दिली, लेसर झालं. डाग पुरता गेला नाही, पण वाढलाही नाही.

मॅडमना आता साठावं वर्ष लागलं आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची पानं छपाईआधी तपासायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. भिंग घेतलं, वेळ लागला, पण शेवटच्या पानापर्यंत गेलो. त्यातली एकही ओळ मला पाठ नव्हती.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि दरवर्षी माझी हनुवटी कॅमेऱ्यावर टेकवून घ्यायला त्या समोर असोत. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथाची पानंही मीच तपासणार आहे. तेवढी नजर त्यांनी माझ्यासाठी राखली आहे.