अमावस्येचं भाडं

पत्र्याची धान्याची कोठी आतून रिकामी असते. गाडीत मात्र ती भरल्या कोठीइतकीच जागा अडवते. अंथुर्ण्याचा कोठीवाला पुण्याला माल पाठवताना खरं तर हवेचंच भाडं भरायचा, आणि ते आकारायचा मी. तेव्हा, नव्वदच्या दशकात, मी इंदापुरात एका ट्रकमालकाकडे बुकिंग बघत होतो.

एके दिवशी कोठीवाला आला आणि बाकावर बसून म्हणाला, "भाऊसाहेब, आता कारखाना बंद. भाड्यातच सगळं जातंय. वालचंदनगरला काम बघतो." कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड, तो आणि त्याची बायको.

बाहेर आमचा ट्रक लिंबू-मिरची बांधून धुऊनपुसून उभा होता.

"ह्यो आज का उभा?"

"अमावस्या आहे. ड्रायव्हर गाडी काढत नाहीत."

"मग मला द्या की. आमच्यातली अमावस्या छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवाच बंद पडलीय. लायसन हाय, उसाच्या गाडीवर चार हंगाम काढल्यात."

मालक आधी दचकले. मग मी त्यांना समजावलं, की उभ्या गाडीला काहीच मिळत नाही, निम्मं भाडं मिळालं तरी ते फुकटचं. मालकांनी देवाच्या फोटोकडे बघून होकार दिला. तेव्हापासून कोठीवाला महिनाभर कोठ्या साठवायचा आणि अमावस्येच्या सकाळी स्वतः गाडी पुण्याला न्यायचा. आमचे ड्रायव्हर त्याला "अवसेचा मालक" म्हणायचे. तो म्हणायचा, "तुमी नारळ फोडा, मी गाडी सोडतो," आणि निघायचा. त्याची बायको तर दारात दिनदर्शिका टांगून अमावस्येची वाट बघायची. पंचक्रोशीत तेवढं एकच घर तसं असेल.

घोळ माझ्या हुशारीने केला. निम्म्या भाड्यातही नफा दिसावा म्हणून एका खेपेला मी डिझेल कमी भरलं. कोठ्या हलक्या, गाडीला कशाला लागतंय, असा माझा हिशोब. डिझेलचा काटा तर कधीचाच मेला होता. त्यामुळे मी म्हणेन तेवढं डिझेल, असं कोठीवाला धरून चालायचा. परत येताना भिगवणच्या अलीकडे गाडी बंद पडली, आणि दुसऱ्या दिवशीची मालकांची नेहमीच्या गिऱ्हाइकाची खेप हुकली.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं?"

कोठीवाला म्हणाला, "डिझेल संपलं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "डिझेल भरपूर होतं, मालक. आता अमावस्या म्हटल्यावर..."

वाक्य पूर्ण करायची गरजच पडली नाही. ड्रायव्हर माना डोलवू लागले. त्यांतला एक म्हणाला, "अमावस्या न मानणारा दुसरं काय सांगणार?"

कोठीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे किल्ली टेबलावर ठेवली. मालकांनी गाडीवरून नारळ उतरवला. अमावस्येची खेप बंद झाली, पुढे शेडही बंद झाली. तो वालचंदनगरला कामाला लागला. आणि मी? मी जपून वागणारा माणूस म्हणून नाव कमावलं.

मालक आता हयात नाहीत. गेल्या महिन्यात मी अंथुर्ण्याला गेलो. म्हातारा कोठीवाला ओट्यावर बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की डिझेल मीच कमी भरलं होतं.

त्याने आत हाक मारली, "अगं, बाहेर ये." आणि मला म्हणाला, "आता हिच्यासमोर परत सांगा. हिला अजून वाटतंय, मी वाटंत गाडी लावून झोपलो हुतो."

मी परत सांगितलं. बाईंनी पदराला हात पुसत नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तवा बोलला असता," त्या म्हणाल्या, "तर शेड राहिली असती."

"व्हय," कोठीवाला म्हणाला. "पर मी झोपलो न्हवतो, हे तर कळलं."

तो हसायला लागला. बाई हसल्या नाहीत. मला बसा असंही कोणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.