स्क्रू उद्या

शंकासुराला आधी दिसली ती भिंत. सख्खा बाप ओल्या फरशीवर आडवा पडलाय आणि हा भिंतीकडे बघतोय, हे कुणाला कळलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. पण झालं ते असंच. नानांच्या मुठीत स्टीलचा दांडा होता, तो धरूनच ते कोसळले होते. जिथून तो निघाला होता तिथे भिंतीवर करड्या टेपचे दोन गोल राहिले होते. बाकी भिंत कोरी होती. स्क्रूचं एक भोक नव्हतं तिच्यात.

तो दारातच थिजला. कानावरच्या हेडफोनमधून ऑफिसातलं कुणीतरी विचारत होतं, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ आवाज सगळे येत होते, त्यालाच काही कळत नव्हतं. मग नाना कण्हले आणि तो भानावर आला.

शंकासुर हे नाव त्याला आईबापांनी ठेवलेलं नाही, ते ऑफिसचं देणं. सॉफ्टवेअरच्या कंपनीत तो टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं आपण मोडून बघायचं, आणि मोडलं नाही तरच ते लोकांच्या हातात पडू द्यायचं. सोळा वर्षं हाच उद्योग. कुणी म्हणालं ‘चालतंय’ की हा म्हणणार ‘दाखव’. दाखवलं की म्हणणार ‘आता इंटरनेट बंद करून दाखव’. कॅन्टीनमध्ये तो आपल्या टेबलाकडे येताना दिसला की पोरांचे कप पटापट रिकामे होतात. बायकोही त्याच धंद्यातली, पण वेगळ्या कंपनीत आणि बनवणाऱ्यांच्या बाजूची. त्यामुळे त्यांच्यात भांडण झालं तरी ते आधी नीट तपासून मग होतं, असं ताई म्हणते. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती विमानाने नऊ तास लांब राहते आणि फोनवर मात्र कायम डोक्यावर बसलेली असते.

आणि नाना लिफ्ट मेकॅनिक. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत दोरांना लटकून त्यांनी चाळीस वर्षं काढली. आई गेल्यावर एकटे राहायचे, स्वतःचं स्वतः करायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता पडायचं नाही. पुन्हा पडलात तर आपल्या पायावर उभं राहणं कठीण आहे. मग या दोघा भावंडांनी महिनाभर मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे नाना मुलाकडे राहायला यायला कबूल झाले. तेही एका अटीवर.

“अंघोळीला मला कुणी धरायचं नाही,” ते म्हणाले. “दांडा लावा, माझं मी बघेन. मला धरून अंघोळ घालायची वेळ आली त्या दिवशी माझं काही उरलं नाही असं समजा.”

म्हणून सगळा घाट घातला. बाथरूमच्या गुळगुळीत फरश्या काढून खरखरीत बसवायच्या, उंबरा काढायचा, बाहेरूनही उघडेल अशी कडी लावायची, आणि दांडा. आठ दिवसांचं काम, असं फरशीवाला म्हणाला होता. फरश्या उखडल्या तर खाली पाइप गंजलेला निघाला. पाइप बदलायला प्लंबर आला तर त्याला भिंत फोडावी लागली. भिंत फोडली तर पलीकडच्या खोलीतली वायर तुटली. एक सांधायला जावं तर तेरा तुटतात, त्यातली गत. आणि हे सगळं नेमकं त्याच महिन्यात, ज्या महिन्यात ऑफिसात औषधं घरपोच करणाऱ्या कंपनीचं नवं ॲप बाहेर पडायचं होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. लॅपटॉप घेऊन तो आधी जेवणाच्या टेबलावर बसला, तिथे धूळ आली. मग पलंगावर बसला, तिथे ड्रिलचा आवाज आला. शेवटी एक कॉल त्याने कपड्यांच्या कपाटात बसून केला. साहेबांनी विचारलं, “मागे कोट कुणाचे लटकतायत?” हा म्हणाला, “सर, नवं ऑफिस आहे.”

एवढ्या पसाऱ्यात काही विसरायला नको म्हणून त्याने घरकामांना ऑफिसची शिस्त लावली. फोनवर एक यादी केली, तीन रकान्यांची: करायचं, चालू आहे, झालं. नवरा, बायको आणि ताई तिघांना ती दिसायची. ऑफिसातला लाडका नियमही त्याने घरी आणला. आपलं काम आपणच ‘झालं’ म्हणायचं नाही. दुसऱ्याने बघायचं, हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं, मग काम आपोआप शेवटच्या रकान्यात जाणार. एकूण एकतीस कामं होती. बायको म्हणाली, “घर आहे की प्रोजेक्ट?” पण तिलाही ते बरं वाटलं होतं.

एका रविवारी त्याने दांडा आणला. आता साधा माणूस काय करेल? भोकं पाडेल आणि दांडा ठोकून मोकळा होईल. पण याच्या धंद्यात खरी वस्तू करण्याआधी एक दिखाऊ नमुना उभा करतात. लोकांनी तो बघायचा, बदल सुचवायचे, मग खरं काम. नव्या फरशीला उगाच चुकीच्या उंचीवर भोक नको म्हणून त्याने दांडा दुहेरी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटवला. दोन्ही टोकांना स्क्रू झाकणाऱ्या स्टीलच्या वाट्या असतात, फोटो नीटस यावा म्हणून त्याने त्याही दाबून बसवल्या. फोटो यादीत टाकला आणि विचारलं, ‘उंची बरोबर आहे?’

ताईने लिहिलं, ‘दोन बोटं खाली घे.’ त्याने काढून दोन बोटं खाली चिकटवला आणि पुन्हा फोटो टाकला. सोमवारी दुपारी बायकोने ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तो पाहिला, ‘मस्त दिसतोय’ लिहिलं आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. दांड्याचं काम टुणकन उडी मारून ‘झालं’मध्ये जाऊन बसलं.

सोमवारी संध्याकाळी तो ड्रिल करणार होता. सोमवारी ॲपमध्ये एकाची औषधं दुसऱ्याच्या पत्त्यावर जाताना सापडली. मंगळवार, बुधवार त्यातच गेले. गुरुवारी ॲप बाहेर पडलं, शुक्रवारी माणूस मेल्यासारखा झोपला. शनिवारी नाना यायचे म्हणून सकाळी त्याने यादीवरून नजर फिरवली. एकतीसच्या एकतीस हिरवी. समाधानाने त्याने फोन खिशात टाकला. बाथरूममध्ये डोकावलासुद्धा, दांडा जागेवर चकाकत होता. दुसऱ्यांच्या कामाला सोळा वर्षं ‘दाखव’ म्हणणारा माणूस स्वतःच्या दांड्याला हात न लावता परत फिरला.

नाना आल्या आल्या सगळं घर फिरून बघून आले.

“बाथरूमचं झालं सगळं?” त्यांनी विचारलं.

“झालं नाना. हे बघा ना,” म्हणून याने फोनच पुढे केला.

नानांनी चष्मा वर करून हिरव्या खुणा पाहिल्या. “बरंय बाबा तुमचं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नाना अंघोळीला गेले. हा शेजारच्या खोलीत कॉलवर होता, कारण ॲपमध्ये पुन्हा काहीतरी खुट्ट झालं होतं. आधी त्याला लोखंड आपटल्याचा आवाज आला. त्यामागून दुसरा आवाज आला, जड आणि मऊ. तो आवाज कशाचा आहे हे त्याच्या अंगाला डोक्याआधी कळलं. त्याने धावत जाऊन बाहेरून कडी फिरवली. ती कडी मात्र खरोखरच बसवलेली होती, लगेच उघडली.

हॉस्पिटलात नानांना आत नेल्यावर तो बाकावर बसला आणि फोन काढून यादी उघडली. बायको धावत आली तेव्हा तो अंगठ्याने मागे मागे जात होता. कुणी खूण केली, कधी केली, हे त्याला शोधायचं होतं. दुसरं काही करण्यासारखं हातात नव्हतं, आणि चूक शोधणं तेवढं त्याला येत होतं. सापडलंही. सोमवार, तीन वाजून बेचाळीस मिनिटं, बायकोचं नाव. त्याने ते तिच्यापुढे धरलं.

“मी फोटो बघितला,” ती म्हणाली. “दांडा भिंतीवर होता. मला वाटलं झालंय.”

“खाली लिहिलं होतं.”

“खाली काय?”

दुसऱ्या फोटोखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ‘आज फक्त चिकटवलाय. स्क्रू उद्या.’ ती त्याने स्वतः लिहिली होती. लिहिल्याचं त्याला आठवतही नव्हतं. आपल्याच हातचं वाक्य तो परक्यासारखं वाचत राहिला. मग बायकोसमोर धरलेला फोन त्याने हळूच उलटा करून मांडीवर ठेवला. तिला बोल लावायला तोंडच उरलं नव्हतं.

“मी मीटिंगमध्ये होते रे,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. त्याला रडूही येईना. आपण बापाला मुद्दाम फसवलं असतं तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं, असं काहीतरी भलतंच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वॉकर घेऊन चालतील हळूहळू, पण बाथरूममध्ये नुसत्या दांड्याच्या भरवशावर आता सोडायचं नाही. बसता उठता कुणीतरी धरायलाच हवं. कायमचं.

तिसऱ्या दिवशी नाना जरा हुशारले. खोलीत दोघंच होते. याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं: टेप, फोटो, खूण, न वाचलेली ओळ. नाना ओरडतील, निदान तोंड फिरवतील, अशी त्याची तयारी होती. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाले, “विहिरीत उतरताना दोर साहेबाने बांधलेला असो की सोबत्याने, दोन झटके दिल्याशिवाय मी कधी अंगाचा भार टाकला नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. म्हणून तर हातपाय धड घेऊन घरी आलो.” पुढे म्हणाले, “तुझा दांडा तेवढा नाही ओढून बघितला.”

“का नाही बघितला नाना?”

“तू लावला होतास ना.”

त्याला वाटलं, त्यांनी दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठून खिडकीशी गेला आणि खाली गाड्या लावणारा माणूस गाड्या कशा लावतोय ते बघत राहिला. पाठीमागे नानांना झोप लागली होती.

तीन आठवड्यांनी नाना घरी आले. दांडा आता फिटरने बसवला होता, आठ स्क्रूंचा, त्याला म्हैस बांधली तरी हलला नसता. पण त्याचा आता उपयोग अर्धाच होता. पहिल्या अंघोळीला बाप स्टुलावर पंचा गुंडाळून बसला आणि मुलगा बाह्या वर करून समोर उभा राहिला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. पाणी घालून झालं, अंग पुसून झालं. नानांनी घातलेल्या अटीचा विषय दोघांनीही काढला नाही.

मग उठायची वेळ आली. “नाना, हात द्या,” तो म्हणाला.

नानांनी त्याचं मनगट धरलं. त्यांची पकड अजून मेकॅनिकची होती. तो अंगात जोर आणून तयार राहिला, पण नाना उठले नाहीत. त्यांनी मनगटाला एक झटका दिला. मग आणखी एक, जरा जोरात. तो हबकून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. नानांची नजर खाली फरशीवर होती, आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग ते उठले.